रंगाखालची पाटी

या घरातल्या थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न ज्या वर्षी मोडलं, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला या भिंतीवर टांगलं. मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. खरं सांगायचं तर अर्धा एसी. खोलीत भिंतीवर बसून गार वारा सोडतो तो मी, आणि घराबाहेर घरघरत खोलीतली उष्णता उधळून लावतो तो माझा जोडीदार. मिस्त्री लोक मला इनडोअर म्हणतात आणि त्याला आउटडोअर. आमच्या दोघांमध्ये तांब्याच्या दोन नळ्या असतात, एक जाड आणि एक बारीक. त्यांतून गॅस फिरत राहतो. तो गॅस हेच आमचं रक्त समजा. माझ्याकडून तो उष्णता घेऊन बाहेर जातो आणि तिकडे ती टाकून रिकामा होऊन परत येतो.

कारखान्यात आम्ही दोघं एकाच दिवशी तयार झालो. दोघांची ताकद एक टनाची. जेवढं मला पचेल तेवढंच तो देणार आणि तेवढंच ओढून नेणार, असा आमचा मेळ. दोन खोक्यांवर एकच आकडा लिहून आम्हाला गाडीत चढवलं. तेव्हा मला अक्षर ओळखता येत नव्हतं. खोक्यावर काय लिहिलंय हे मला फार वर्षांनी कळलं.

आता लग्न का मोडलं ते सांगतो, कारण त्यावाचून माझं इथं येणं कळायचं नाही. थोरली शाळेत शिकवायची. लग्नाला दीड महिना उरला असताना तिची स्कूटर घसरली आणि मानेजवळ मणक्याला मार बसला. छातीखालचं अंग गेलं. मुलाकडचे दोनदा भेटायला आले. तिसऱ्यांदा आले ते निरोप घेऊनच. थोरलीने त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणाली. ते चहा घेऊन गेले.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी आईला एक गोष्ट बजावली. हिला आता घाम येणार नाही. अंग तापलं की आपल्याला घाम येतो आणि अंग निवतं. हिचं ते कामच बंद पडलंय. बाहेर तापलं की ही आतून तापत जाणार. खोली गार ठेवा, नाहीतर एक दिवस हातातून जाईल.

म्हणजे बघा, मी या घरात चैन म्हणून आलो नाही. औषधाची बाटली यावी तसा आलो.

घर साधं होतं. खाली मावशीचं, म्हणजे आईच्या बहिणीचं, शिवणकामाचं दुकान. वर दोन खोल्या आणि त्यांना लागून उघडी गच्ची. आतली खोली थोरलीची आणि माझी. बाहेरच्या खोलीत आई आणि बाबा. बाबा रंगारी होते. लोकांची घरं रंगवून झाली की उरलेला रंग घरी आणायचे आणि घरातल्या लोखंडाला लावायचे. पलंग, खिडक्यांचे गज, बादलीची कडी, मावशीच्या मशीनचा पाय, काहीच सुटलं नाही. मावशी म्हणायची, भावोजींच्या समोर फार वेळ उभं राहू नका, एक हात मारून टाकतील. रंगाच्या एका थराला ते हातच म्हणायचे.

ती वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी. थोरली पडल्या पडल्या शेजारपाजारच्या मुलांना शिकवू लागली. समोरच्या भिंतीवर बाबांनी काळा रंग लावून फळा करून दिला. मोठी मुलं तिच्या सांगण्यावरून फळ्यावर लिहायची आणि लहान मुलं गिरवायची. मुलं वेळेच्या आधी येऊन माझ्याखालची जागा धरायची. एक ठेंगणी मुलगी रोज मला हात जोडून आभार मानायची आणि मगच पाटी काढायची. मी वरून तोच फळा बघत असे. एक वर्ष गेलं, दोन गेली, अशी सात गेली, आणि एका दुपारी मला कळलं की समोर लिहिलंय ते मला वाचता येतंय. आठव्या वर्षी मी शिकलो. फार उशीर झाला, पण शिकलो.

नवव्या वर्षी माझा जोडीदार पडला.

तो गच्चीच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कोनांवर बसलेला होता. बाबा दरवर्षी ते कोन रंगवायचे. वरून ते आरशासारखे दिसायचे, पण रंगाच्या आत गंज त्यांना खात होता. एका सकाळी काड्कन आवाज झाला. माझ्या दोन्ही नळ्या ताणल्या गेल्या, तुटल्या आणि माझं सगळं रक्त एका फुत्कारात हवेत गेलं. खाली मावशीची एक बादली चेपली, बाकी कोणाला लागलं नाही. पण मला काहीच सुचेना. नऊ वर्षांचा माझा जोडीदार अंगणात उताणा पडला होता आणि माणसं त्याच्याभोवती उभी राहून बादलीबद्दल बोलत होती.

आईने तेव्हाच सांगितलं, दुकानात जाऊन सांगा आणि याच्या जोडीचाच आणा. बाबा दुकानात गेले. तीन दिवसांनी हातगाडीवरून नवा जोडीदार आला. त्याच्यावर जुनी चादर टाकलेली होती. चादर काढली तेव्हा तो आधीच रंगवलेला होता, आमच्या भिंतीसारखाच मलईचा रंग, अगदी जाळीच्या कडेपर्यंत. कोणालाच नवल वाटलं नाही. बाबांनी आणलेली वस्तू रंगवलेली नसती तर नवल वाटलं असतं.

“जोडीचाच आहे,” बाबा म्हणाले. “एक टनी.”

या वेळी त्याला कोनांवर चढवला नाही, गच्चीच्या फरशीवरच ठेवला, थोरलीच्या खिडकीसमोर. त्यामुळे काचेतून मला तो दिसायचा. बसवायला आलेल्या माणसाला नळी जोडताना अडचण आली. बाहेरच्याचं तोंड मोठं आणि माझी नळी लहान. तो म्हणाला, हे कसं काय? बाबा म्हणाले, नवीन मॉडेलला तसंच येतं. त्या माणसाला दुसऱ्या कामाला जायचं होतं. त्याने मध्ये एक तुकडा घालून जोड मारला, झाळलं, गॅस भरला आणि बटण दाबलं.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. माझा आधीचा जोडीदार रक्त ओढायचा ते एका लयीत, जसा आपण श्वास घेतो. याने पहिल्याच दमात असं ओढलं की माझ्या अंगातून सगळं निघून जातंय असं वाटलं. मी हादरून गेलो. माझ्या कॉइलवर, म्हणजे ज्या नळ्यांवरून मी हवा सोडतो त्यांच्यावर, एवढा गारठा कधी आलाच नव्हता.

खोलीत मात्र आनंदीआनंद. पाच मिनिटांत आईने शाल आणली. मावशी वर येऊन म्हणाली, भावोजी, हा नवा पाहुणा अंगात भलताच जोर घेऊन आलाय. थोरली हसली आणि म्हणाली, यांची पत्रिका जुळवली होती का कोणी? सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

उन्हाळा तेव्हा सरत आला होता. पुढचे महिने आम्हाला दिवसातून अर्धाएक तास चालवायचे आणि बंद करायचे. तेवढ्या वेळात आमचं बिनसलंय हे कोणाला कळायचं कारण नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

दिवसभर चालू ठेवायची वेळ आली तेव्हा पहिला अर्धा तास ठीक जायचा. मग माझ्या कॉइलवर जमलेलं दव, जे थेंब थेंब होऊन नळीने बाहेर जायला हवं, ते जागच्या जागी थिजायचं. आधी चुन्याचा हात मारल्यासारखा पांढरा थर यायचा, मग तो जाड व्हायचा, आणि तास-दीड तासात माझ्या पोटात बर्फाची लादी तयार व्हायची. माझा पंखा फिरत राहायचा, पण हवेला जायला फटच नाही. जाड नळीवरचा बर्फ तर भिंतीतून बाहेर गच्चीपर्यंत पोचायचा. बाहेर भाजणारं ऊन आणि त्यात ती पांढरीशुभ्र नळी. माझा माझ्याच अंगावर विश्वास बसेना. गार करणं हे ज्याचं काम, तोच गोठून बसला आणि खोली तापायला लागली.

पहिल्यांदा आला तो गॅसवाला. त्याचं नाव काहीतरी वेगळं असेल, पण घरात त्याला गॅसवालाच म्हणत, कारण कोणत्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं. बर्फ बघितला की गॅस कमी, हे त्याने दारातूनच सांगितलं. तसं होतंही म्हणतात कधी कधी, गॅस कमी झाला तरी बर्फ धरतो. त्याने बाहेरच्याला विचारायला हवं होतं. तो गच्चीवर गेला, फिरून बघितलं आणि म्हणाला, याची पाटी दिसत नाही. प्रत्येक मशीनवर एक छोटी पाटी चिकटवलेली असते, त्यावर त्याची ताकद आणि गॅस किती ते लिहिलेलं असतं. बाबा म्हणाले, रंगात गेली असेल. एक टनी आहे. गॅसवाल्याने गॅस भरला. दोन दिवस बाहेरचा ठकठक वाजत राहिला आणि बर्फ होता तसाच राहिला.

नंतर आला धुलाईवाला. हा माणूस मनाने चांगला. त्याने माझं पोट उघडलं, साबणाचा फेस मारला, पंपाने धुतलं, फिल्टर घासला, पंख्याच्या पात्यांमधली नऊ वर्षांची धूळ काढली. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. त्यानेही पाटीबद्दल विचारलं.

“गंजली होती,” बाबा म्हणाले. “काढून टाकली.”

थोरली पलंगावरून ऐकत होती. मुलांना शिकवणाऱ्या माणसाच्या कानाला अशी गोष्ट लागतेच. एकदा रंगात गेली, एकदा गंजली. तिने मान वळवून बाबांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग फळ्याजवळ उभ्या असलेल्या मुलाला ती म्हणाली, पुढचं वाच.

मीही थक्क झालो होतो. बाबा खोटं बोलतात हे मला माहीतच नव्हतं. नऊ वर्षं मी त्यांना वरून बघत आलो होतो. मुलीच्या पायाला मुंगी चावली तर तिला कळायचं नाही म्हणून हा माणूस रोज सकाळी तिची चादर झटकायचा. तो मिस्त्रीशी खोटं का बोलेल?

धुतल्यावर दीड तासाने पुन्हा बर्फ झाला. मावशी म्हणाली, आधी मळका होता, आता स्वच्छ बर्फ मिळतोय.

मग घराने आपली पद्धत बसवली. तासभर चालवायचं, तासभर बंद. बंद असताना बर्फ वितळून माझ्या खालून धारा लागायच्या, तिथे आई परात ठेवायची. मुलांना पलीकडे बसवायचे. थोरलीच्या कपाळावर, हातांवर ओली फडकी आणि दाराखिडक्यांना ओल्या चादरी. त्या बाईला काय ठाऊक की त्या चादरींची ओल हवेतून माझ्याकडेच येत होती आणि माझ्यावर आणखी बर्फ होत होता. ती मुलीसाठी जेवढं करत होती तेवढा मी जास्त गोठत होतो. मला हे कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

मे महिन्याची एकोणीस तारीख. सकाळी नऊलाच खिडकीच्या गजाला हात लावता येईना. मुलांना आईने परत पाठवलं. अकरा वाजता थोरलीचं अंग तापायला लागलं. आईने थर्मामीटर लावला, बघितला आणि झटकून पुन्हा लावला. एकशे तीनच्या वर. चेहरा लाल, ओठ कोरडे, कातडी कोरडीठाक. घामाचा एक थेंब नाही. ती बोलताना मधले शब्द गाळू लागली.

बाबा सकाळपासून गच्चीवर होते. बाहेरच्याला सावली हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ओलं पोतं दोन्ही हातांनी धरून ते त्याच्यावर छत करून उभे होते. पोतं वाळलं की खाली जायचे, मावशीच्या नळावरून बादली भरून वर आणायचे, कारण टाकीचं पाणी चटके देत होतं. डोक्याला काही नाही. किती खेपा केल्या ते मी मोजलं नाही. आज वाटतं, मोजायला हवं होतं.

मावशीने तिच्या एका गिऱ्हाइकाला सांगून तिसऱ्या मिस्त्रीला बोलावलं होतं. तो बाराच्या सुमारास आला. म्हातारा, अंगाने किडकिडीत, हातात घड्याळासारख्या दोन गोल तबकड्या आणि काटे असलेलं यंत्र. एक काटा आत जाणाऱ्या गॅसचा दाब दाखवतो, दुसरा बाहेर येणाऱ्याचा. मावशीने बघताक्षणी त्याचं नाव घड्याळवाले ठेवलं.

या माणसाची रीत वेगळी होती. दहा मिनिटं त्याने कशालाच हात लावला नाही. मला बघितलं, नळी बघितली, जोड बघितला. मग आईजवळ बसला आणि एखादा डॉक्टर विचारतो तसं विचारत गेला. लावल्या लावल्या गार होतं का? होतं. किती वेळ? अर्धा तास. बर्फ कधीपासून? बाहेरचा बदलल्यापासून की आधीही व्हायचा? आधी कधीच नाही, आई म्हणाली. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग तो गच्चीवर गेला, काटे जोडले, तारेला चिमटा लावून वीज किती ओढतो ते बघितलं आणि आत आला. बाबाही त्याच्या मागून दारात येऊन उभे राहिले.

“काका, बाहेरचा किती टनाचा?”

“एक टनी.”

“आकडा तसं म्हणत नाही.”

“तुमचं यंत्र चुकत असेल.”

“एक काटा चुकेल,” घड्याळवाले म्हणाले. “दोन्ही काटे आणि चिमटा, तिघं मिळून एकच खोटं कसं बोलतील?”

आई म्हणाली, अहो, काय असेल ते सांगून टाका. बाबा पोत्याचं पाणी पिळत राहिले. तेव्हा थोरली बोलली. आवाज इतका बारीक की सगळे वाकले.

“बाबा, मला तुमच्यावर रागवायचं नाहीये. मला फक्त गार व्हायचंय.”

बाबांनी कोपऱ्यातली रंगाची पेटी उघडली, रंग खरवडायची पत्री घेतली आणि गच्चीकडे निघाले. घड्याळवाले म्हणाले, राहू द्या काका, मला समजलं काय ते, उन्हात जाऊ नका. पण तोवर बाबा दाराबाहेर गेले होते, आणि थोरलीने डोळे मिटले होते, म्हणून सगळे तिच्याकडे वळले.

घड्याळवाल्यांनी मग जे केलं ते आधीच्या दोघांपैकी कोणीच केलं नव्हतं. त्यांनी बाहेरच्याला बंद केलं आणि माझा नुसता पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवला. थोरलीचा पलंग ओढून माझ्या बरोबर खाली आणला. ओल्या चादरी काढायला लावल्या. एक ओलं कापड तेवढं तिच्या अंगावर ठेवलं. माझ्या पोटातली लादी पंख्याच्या वाऱ्याने आतून झिजायला लागली. आधी एक फट पडली, मग दुसरी, आणि त्या फटींतून हवा निघाली. बर्फावरून आलेली हवा. ज्या बर्फाने मला महिनाभर कोंडलं होतं, तोच आता वितळून त्या मुलीवर वारा घालत होता. परात भरली, आईने दुसरी लावली. मावशी थोरलीचे तळहात पुसत होती. घड्याळवाले आईला समजावत होते की झरा लहान आहे आणि मोटर मोठी बसवलीय. ती झऱ्यापेक्षा जास्त उपसते, म्हणून आतलं सगळं गोठतं. दोघांत दोष कोणाचाच नाही, फक्त ते एकमेकांचे नाहीत.

मला मात्र काचेतून बाबा दिसत होते. ते फरशीवर मांडी घालून बसले होते आणि खरवडत होते. त्यांनी चांगला रंग लावला होता, तीन हात आणि खाली अस्तर, कारण वाईट काम त्यांना करताच येत नव्हतं. उन्हाने तो भाजून पक्का झाला होता. पत्री घसरायची. बोटाला लागलं तरी ते थांबले नाहीत. पाटीचं एक अक्षर खराब होऊ नये म्हणून कडेकडेने, हलक्या हाताने, एखाद्या जुन्या दारावरची नक्षी उघडी करावी तसं चाललं होतं. आत कोणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. बघणारा मी एकटा, आणि मला तोंड नाही.

पाऊण तासाने ते खिडकीशी आले आणि गज धरून उभे राहिले. गज तापलेला होता, तरी त्यांनी हात काढला नाही. याचं मला नवल वाटलं.

“दोन टनी,” ते म्हणाले. “एक हॉल पाडत होते, तिथून आणला. दुकानदार म्हणाला होता, चालणार नाही. मला वाटलं, दुप्पट मोठा आहे तर पोरीला दुप्पट गार करेल.”

“मग पाटी का झाकलीत?” आईने विचारलं.

“दिसली असती तर कोणी बसवला नसता.”

आईच्या हातात थर्मामीटर होता आणि पारा उतरायला लागला होता. एकशे दोन. मग एकशे एक आणि वर थोडं. थोरलीने पाणी मागितलं, पूर्ण वाक्यात मागितलं. मावशी रडायला लागली आणि रडता रडता घड्याळवाल्यांना म्हणाली, तुमचे कपडे मी जन्मभर फुकट शिवीन.

बाबा बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसले. दार उघडं होतं म्हणून मला दिसत होते. आईने इकडूनच विचारलं, पाणी घेतलंत का? ते म्हणाले, घेतो. थोड्या वेळाने म्हणाले, डोकं दुखतंय. आई म्हणाली, पडा जरा, हिचं बघून येते. बाहेरच्या खोलीत पंखा होता, तोही कोणी लावला नाही. मी भिंतीच्या या बाजूला जीव तोडून वारा सोडत होतो आणि त्यातला एक झोतही दारापलीकडे जात नव्हता.

घड्याळवाले हत्यारं आवरून निघाले. निघताना त्यांना बाबांना दोन शब्द बोलायचे होते, रागाचे नव्हे, असं त्यांनी नंतर सांगितलं. ते वाकले, खांद्यावर हात ठेवला आणि हात झटकन मागे घेतला.

“ताई, इकडे या,” त्यांनी आईला हाक मारली. “यांचं अंग पत्र्यासारखं तापलंय.”

बाबांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. डॉक्टरांनी जे मुलीबद्दल सांगितलं होतं, ते बापाच्या अंगावर दिसत होतं. ते उठायचा प्रयत्न करत होते आणि आईला सांगत होते की भिंतीला टेकू नका, वरचा हात अजून वाळला नाही. त्या भिंतीला दहा वर्षांत रंग लागलेला नव्हता.

घड्याळवाल्यांनी आणि मावशीच्या दुकानातल्या दोन बायकांनी त्यांना खाली नेलं आणि घड्याळवाल्यांच्याच टेंपोत घातलं. आई पायात चपला न घालता बरोबर गेली. मावशी थोरलीजवळ राहिली. थोरलीला पलंगावरून बाहेरच्या खोलीचं दार दिसत नव्हतं. काय झालं, कोण आजारी पडलं, असं ती विचारत होती आणि मावशी तिच्या कपाळावरचं फडकं पुन्हा पुन्हा बदलत होती. तिचं अंग निवत होतं. माझं काम मी इतकं चांगलं कधी केलं नव्हतं आणि ते मला सोसवत नव्हतं.

आठ दिवसांनी घड्याळवाल्यांनी माझ्यासाठी एक टनी जोडीदार आणला. जुनाच, पण ताकद माझ्याएवढी. नळीचा तो मधला तुकडा काढून त्यांनी जोड नीट केला. बटण दाबलं आणि मला श्वास आला. तेव्हापासून माझ्या अंगावर बर्फ धरलेला नाही. थेंब थेंब पाणी नळीने बाहेर जातं. मोठ्या आउटडोअरलाही ते घेऊन गेले आणि त्याच्या मापाच्या इनडोअरला जोडून एका मोठ्या खोलीत बसवला म्हणाले. तो तिथे चांगला चालतोय. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला आमच्याकडे खोट्या ओळखीवर आणलं होतं.

मुलं पुन्हा येतात. थोरली शिकवते. घड्याळवाले महिन्यातून एकदा येऊन माझा फिल्टर बघून जातात, चहा घेतात, आणि मावशीने शिवलेला सदरा त्यांच्या अंगावर असतो.

मित्रांनो, मी म्हातारा झालो, फार दिवस राहीन असं नाही, म्हणून तुम्हाला मनापासून सांगतो. यंत्रावरची पाटी झाकू नका. तिच्यावर लिहिलेलं तुम्हाला कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा आणि तो नाही म्हणाला तर त्याचं ऐका. चूक झाली असेल तर पहिल्या मिस्त्रीलाच सांगा. दुसऱ्याला सांगणं जड जातं, तिसऱ्याला तर जीभच उचलत नाही. आणि घरात एक माणूस आजारी असेल, सगळे त्याच्याभोवती जमले असतील, तेव्हा तुमच्यातल्या एकाने तरी मागे वळून बघावं. पाणी आणायला कोण धावतंय, उन्हात कोण बसलंय, भिंतीला टेकून कोण गप्प झालंय ते बघावं. त्याच्या अंगाला हात लावून बघावा. मला हात असते तर मी लावला असता.

थोरलीचे बाबा त्याच दिवशी, मे महिन्याच्या एकोणीस तारखेला, संध्याकाळी सव्वासहा वाजता दवाखान्यात वारले. ते एकोणसत्तर वर्षांचे होते.